बावखलाची कड

मी तक्रारी करणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. जिन्यात कुणी चपलांचा ढीग लावला, गच्चीवर कुणी न विचारता पापड वाळत घातले, की माझं पेन चालू होतं. सोसायटीने मला सेक्रेटरी केलं ते बहुधा त्यामुळेच, शिवाय दुसऱ्या कुणाला ते काम नकोच होतं. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे वेळही भरपूर होता, आणि वेळ भरपूर असलेल्या तक्रारखोर माणसाशी घरात कसं जमवून घ्यायचं, ते माझ्या बायकोला विचारा.

आमची बिल्डिंग वसईत, सांडोर गावात, एका गल्लीच्या टोकाशी आहे. मुख्य रस्त्यापासून निघालेली ही गल्ली मध्येच एक वळण घेते, आणि त्या वळणाला अगदी लागून एक बावखल आहे. बावखल म्हणजे वाडीतलं जुनं, मोठं तळं. इथल्या केळीच्या आणि भाजीच्या वाड्या पिढ्यान् पिढ्या अशा बावखलांच्या पाण्यावर पोसल्या. याला कठडा नाही, पायऱ्या नाहीत. गल्ली संपते आणि पाणी सुरू होतं, एवढंच. खोली किती, तर एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला तरी वरच्याचं डोकं दिसणार नाही.

बावखल शेजारच्या वाडीवाल्या काकांचं. सत्तरी ओलांडलेले, अंगात बनियन, खाली खाकी हाफपँट, बोलणं मोजकं. एका मे महिन्यात मी भाजी घेऊन येत होतो, तर हे काका वळणावर सुंभाचा दोर बांधताना दिसले. एका माडापासून दुसऱ्या माडापर्यंत, बावखलाच्या कडेकडेने, आणि दोराला हातभर अंतरावर लाल चिंध्या.

माझं डोकंच फिरलं. आमच्या भागात जमिनीला कुणी नुसता दोर लावला, की वर्षभरात तिथे पाटी येते आणि पुढच्या वर्षी पत्रे. मी तिथेच पिशवी खाली ठेवली आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. खरं तर विचारलं नाही, दरडावलं.

"पावसात लागतो, सायेब," काका म्हणाले.

"पावसात काय गल्ली तुमच्या नावावर होते?"

या उत्तरावर मी इतका खूश झालो की घरी बायकोला ते दोनदा ऐकवलं. संध्याकाळी झाडांच्या फांद्या छाटायची कात्री घेऊन गेलो आणि दोर कापून टाकला. आठवड्याने काकांनी नवा बांधला. पुन्हा तेच सांगितलं, पावसात लागतो. या वेळी मी सोसायटीच्या लेटरहेडवर नोटीस लिहून त्यांच्या हातात दिली, त्यांच्यादेखत दोर कापला, आणि गुंडाळून पुरावा म्हणून सोसायटीच्या ऑफिसच्या कपाटात ठेवून दिला. तिसऱ्यांदा त्यांनी बांधला नाही. मला वाटलं, जिंकलो.

"ते कशासाठी बांधतात, विचारलंत का?" बायकोने एवढंच म्हटलं.

"म्हणाले ना, पावसात लागतो म्हणून."

"मग?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

जुलैत तीन दिवस पाऊस थांबलाच नाही. त्यात मोठी भरती, त्यामुळे पाण्याला जायला वाटच राहिली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोच्या शाळेतून फोन आला. ती जवळच्या पापडी गावातल्या एका शाळेत शिकवते. सखल भागातल्या झोपड्यांत पाणी शिरलं होतं, तिथल्या कुटुंबांना शाळेच्या वर्गांत आणलं होतं, आणि ज्यांना जमेल त्यांनी मदतीला यावं असा निरोप होता. हिने चार चादरी, माझे दोन स्वेटर आणि एक पातेलं पिशवीत भरलं. वसईत स्वेटर कोण घालतो, असं मी म्हटलं. ओल्या अंगाने रात्र काढणारा घालतो, असं ती म्हणाली आणि आठ वाजता निघून गेली. मला जा म्हणवलं नाही आणि थांब म्हणवलं नाही. तिच्याबरोबर जावं हे तर मनातही आलं नाही.

सकाळी पाणी घोट्यापर्यंत होतं. दुपारी तीनला आमच्या गेटवर ते मांडीला लागत होतं. वीज गेलेली, तिचा फोन बंद. चारला येते म्हणाली होती. मी गॅलरीतून आत, आतून गॅलरीत अशा फेऱ्या मारल्या आणि सव्वाचारला छत्री घेऊन खाली उतरलो.

वळणापाशी आलो आणि गल्ली दिसेनाच. बावखलावरचा शेवाळाचा हिरवा थर पसरून सगळीकडे झाला होता. गल्लीवरही तोच, वाडीतही तोच. इथून तिथून सगळं एकसारखं हिरवं, आणि वरून पावसाचे थेंब. मी माडांच्या अंदाजाने निघालो.

"थांबा!"

काका होते. मांड्यांपर्यंत पाण्यात उभे, डोक्यावरून प्लॅस्टिकच्या गोणीची खोळ, हातात लांब बांबू.

"तिकडं नको, सायेब. माझ्या अंगानं या."

"माहीत आहे मला रस्ता," मी म्हणालो. "रोज जातो."

आणि दोन पावलं टाकली. तिसऱ्या पावलाला खाली काहीच नव्हतं.

मी पूर्ण पाण्याखाली गेलो. नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढे हिरवंगार, पायांना कुठेही तळ नाही. ओरडायला तोंड उघडलं तर आणखी पाणी आत गेलं. मला पोहता येत नाही. इतका भ्यालो की कुणाची आठवणसुद्धा आली नाही, नुसती भीती. मग खांद्याला काहीतरी लागलं, मी ते दोन्ही हातांनी पकडलं आणि ओढला गेलो. तो काकांचा बांबू होता.

त्यांनी मला उभं केलं, पाठीवर थापट्या मारल्या. मी खोकत होतो, आणि श्वास परत आल्यावर पहिला विचार आला तो हिचा. ती याच वाटेने येणार होती.

"बाई आजून आली नाय," मी विचारायच्या आधीच काका म्हणाले. "सकाळी मीच पल्याड सोडली. पिशवी जड व्हती, मी डोक्यावर घेतली."

ते सकाळी सहा वाजल्यापासून तिथे उभे होते. काकी भाकरी घेऊन आल्या, ती त्यांनी पाण्यातच उभ्याने खाल्ली. वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कड सात-आठ पावलांची, म्हणून कुणी आलं की ते बांबू टेकत तिकडे जायचे, त्याला सोडायचे आणि परत यायचे. दिवसभर. त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते, बोटं पांढरी सुरकुतलेली.

"तुम्ही कशाला पण?" मी विचारलं.

"बावखल आमचं हाय ना. मंग कड पन आमीच दाखवाया पायजे."

मला तोंड वर करवेना. म्हटलं, दोर ऑफिसात आहे, धावत जाऊन आणतो. काकांनी मान हलवली. "आता कसा बांधनार? कडेकडेनं जाऊन माडांना आवळाया लागतो. एवढ्या पान्यात नाय जमत. त्ये उन्हाळ्यातलं काम."

"मग तुम्ही घरी जा. मी उभा राहतो."

"तुमाला कड म्हायती हाय?"

अकरा वर्षं मी त्या गल्लीतून येत-जात होतो. तिच्या बाजूला कोण गाडी लावतो, कचरा कोण टाकतो, सगळं मला पाठ. कड कुठे आहे, ते माहीत नव्हतं.

काकांनी माझा दंड धरला आणि लहान मुलाला चालवावं तसं दोन पावलं चालवलं. "दगड लागला? त्याच्यावर टाच ठेवा. डाव्या अंगाला बावखल, उजव्या अंगाला रस्ता. लोकांना उजवीकडनं काढा. टाच नका हलवू." मग ते वळणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. आता त्यांना पार या टोकापर्यंत फिरावं लागत नव्हतं. येणारा माणूस त्यांच्या हातातून माझ्या हातात येई आणि पुढे जाई.

दूधवाला गेला. डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई गेली. एक तरुण गृहस्थ फोन उंच धरून आला आणि मला म्हणाला, "अंकल, रस्ता पता है." मी त्याचा शर्ट मुठीत पकडला. "मलाही माहीत होता," म्हटलं, आणि तो पलीकडे पोचेपर्यंत शर्ट सोडला नाही. पण प्रत्येक माणसामागे माझी नजर लांब जात होती, आणि ही दिसत नव्हती. पाच वाजले. घड्याळात पाणी गेलं होतं, तरी ते चालू होतं, आणि मी दर मिनिटाला त्यात बघत होतो.

ती आली तेव्हा आधी तिचा आवाज आला. "काका, अजून इथेच तुम्ही?" काकांनी तिचा हात धरला, चार पावलं आणलं, आणि तो हात माझ्या हातात दिला. गार पडलेला हात. मला तो सोडवेना. रडू आलं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

"अहो, तुमचा चष्मा?" ती म्हणाली.

"बावखलात."

तिने माझ्या डोक्यातला हिरवा थर पाहिला, दोन माडांमधली मोकळी जागा पाहिली, आणि तिला सगळं कळलं. आवाज एकदम खाली आणून तिने विचारलं, "त्यांना काही म्हणालात का?"

म्हणालो नव्हतो. दोराचा विषय निघाला होता, पण दोर कापणारा हात कुणाचा, ते मी गाळलं होतं. पावसाच्या आवाजात मला ते ओरडूनच बोलावं लागलं.

"काका, दोर कापला ते माझं चुकलं. आज कुणाचाही जीव गेला असता. हिचाही गेला असता." आणि एवढ्यावर थांबायला हवं होतं, तर माझ्यातला सेक्रेटरी पुढे बोललाच, "तुम्ही मला तेव्हा नीट सांगितलं असतंत तर—"

"सांगितला व्हता की," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "दोनदा."

बायकोने माझा हात दाबला. तिला घरी सोडावं, कपडे बदलावे, असं वाटून मी पाय उचलायला लागलो.

"टाच नका हलवू," काकांनी तिकडून आवाज दिला. "तुमच्या बिल्डिंगीतली चार मानसं यायची हायत आजून. तांदूळ घिऊन गेलीत शाळेवर."

"कोण चार?" मी विचारलं.

त्यांनी एकेकाची खूण सांगितली. दुसऱ्या माळ्यावरचं जोडपं, माझ्या शेजारचे कुबडी घेऊन चालणारे गृहस्थ, आणि त्यांची मुलगी. मी सोसायटीचा सेक्रेटरी, दिवसभर कोरड्या घरात बसून होतो, आणि माझ्या दाराला दार लागून असलेला माणूस कुबडी घेऊन त्या पाण्यात उतरला होता, हे मला काकांकडून कळत होतं.