वाघिणीनं अडवलेली टेकडी

मधुमेह अजून झाला नव्हता, पण वेशीपाशी येऊन उभा होता. डॉक्टर म्हणाले, "ही आधीची पायरी आहे. रोज चालत जा." आता मी आमच्या भागातल्या, रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांतला खलनायक. माझी कुजबुजही शेवटच्या रांगेला ऐकू जाते. मी साधं कसं चालणार? मोहर्लीजवळच्या आमच्या गावामागे जंगलात देवीची टेकडी आहे. नवस बोललो, पौर्णिमेपर्यंत रोज अनवाणी चढेन, वर तुझ्यापुढे दम संपेपर्यंत उठाबशा काढेन. आई, एवढं संकट माघारी पाठव.

थोड्याच दिवसांत मांड्या दगडासारख्या झाल्या. तालमीत तलवार उपसून नायकावर धावलो आणि गुडघे दुमडून त्याच्याच पायाशी बसलो. तो बिचारा आपलं वाक्य विसरला.

डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं. स्नायूंना इजा झाली की त्यांच्यातलं एक एन्झाइम रक्तात उतरतं. माझ्यात ते फारच वाढलं होतं. मला आधी नवलच वाटलं. दुखत होत्या मांड्या, सुई टोचली दंडात, आणि चुगली तिथल्या रक्तानं केली! "काही जड व्यायाम केलात?" डॉक्टरांनी विचारलं. "नाही," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. भक्तीला व्यायाम कोण म्हणतं? मग ते गंभीर झाले. "पूर्ण आराम करा, पुन्हा तपासू. उतरलं नाही, तर स्नायूंचाच आजार आहे का, ते नागपूरला बघावं लागेल." पाय गेले तर माझा रंगमंच गेला.

घाबरलेला माणूस देवीला जास्तच धरतो. पहाटे निघालो, तर बायको दारात. "डॉक्टरनं बसाले सांगतलं ना? मंग काऊन जाता?"

"देवीले काय सांगू, रजेवर हावो?"

पायथ्याशी वनरक्षक बाईंनी काठी आडवी धरली. "काकाजी, वापस जा. वाघीण पिल्लं घेऊन पायऱ्यांवर बसली हाये. टेकडी बंद."

"अवो बाई, माहा नवस हाये!"

"असन. पण तिले कोन सांगन? तुमी सांगता?"

मी हा मान नम्रपणे नाकारला.

वाघीण पौर्णिमा उलटली तरी हलली नाही. मी अंगणात बाजेवर बसून टेकडीकडे हात जोडत राहिलो. आधी चिडून, मग रडकुंडीला येऊन, मग नुसताच. कधीतरी लक्षात आलं, बाजेवरून उठताना हाताचा आधार लागत नाही.

दुसऱ्या तपासणीत एन्झाइम उतरलं होतं. तेव्हा कुठे उठाबशांची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि पोट धरून हसले. साखर आहे तिथेच आहे. तिच्यासाठी आता सपाट रस्त्यानं, बायकोच्या चालीनं चालतो.

वाघीण तिच्या कामानं आली होती की कोणाच्या सांगण्यावरून, हे मी कोणाला पटवत बसत नाही. मला एवढंच कळलं, की मी देवीला सारखं काहीतरी करून दाखवत होतो, आणि तिला मी थोडा वेळ गप्प बसलेला हवा होतो. वाट उघडल्यावर टेकडीवर गेलो, दमलो तिथे टेकलो. वर पोचलो तेव्हा मागायचं काही आठवेना. हात जोडले आणि ऊन चढेपर्यंत तिच्यापाशी बसून राहिलो.