संकेश्वरकर आणि ग्लात्सर बर्फावर

टीव्हीवर फिगर स्केटिंग लागलं की कुंदाताई संकेश्वरकर गुणांआधी गावांचा निकाल लावत. पडद्यावर आडनाव उमटलं रे उमटलं की सोफ्यावरून आरोळी, "तार्नोपोल्स्का! म्हणजे तार्नोपोलकर! खेळते जर्मनीकडून, पण मुळं बघा कुठे!"

शेजारच्या ग्लात्सरबाई लगेच टॅबवर तार्नोपोल शोधत. आधी ऑस्ट्रियात, मग पोलंडमध्ये, आता युक्रेनमध्ये. दोघी एकमेकींना टाळी देत. पोरगी हवेत घेई त्याहून जास्त गिरक्या तिच्या गावाने घेतलेल्या असत.

मुलगा सत्यजित त्सुफेनहाउझेन उपनगरातल्या कारखान्यात, सून शमिका विद्यापीठात. निपाणीहून आलेल्या कुंदाताईंना दिवसा साऱ्या स्टुटगार्टमध्ये ही एकच मैत्रीण. मूठभर जर्मन शब्द, हातवारे आणि "गेनाऊ", म्हणजे "बरोब्बर", एवढ्यावर दोघींचं झकास चाले.

२०१४च्या हिवाळ्यात, स्पर्धा ऐन रंगात असताना, कुंदाताईंनी सहज विचारलं, "आणि ग्लात्सर? मूळच्या कुठल्या तुम्ही?" शमिकाने अडखळत ते जर्मनमध्ये सांगितलं.

"स्टुटगार्टची," ग्लात्सरबाई म्हणाल्या. कप ठेवला आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्याही नाही. एकटीने पाहिलेल्या गिरक्या कुंदाताईंना कपडे वाळवण्याच्या मशीनसारख्या वाटल्या.

"अहो आई, इथे असं विचारत नाहीत!"

"मग माणूस ओळखतात कसा? पार्किंगच्या जागेवरून?"

"त्यांचं गाव दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये गेलं. जर्मन म्हणून लहानपणी हाकलून दिलं त्यांना तिथून."

"हे आधी नाही सांगायचं?"

"तुम्ही श्वास घेऊ दिलात का मला?"

कुंदाताईंनी मफलर उचलला आणि शेजारची बेल दाबली. दार बोटभर उघडलं. कुंदाताईंनी पायातली सपात काढून जिन्याच्या फरशीवर ठेवली. "माझं घर." शेजारी मफलर पसरला. "सरहद्द. मी जन्मले, मुंबई राज्य." मग मफलर ओढून सपातेच्या पलीकडे नेला. "शाळेत गेले, म्हैसूर! लग्न झालं, कर्नाटक!" सपात जागची हलली नव्हती.

दार पूर्ण उघडलं. ग्लात्सरबाईंनी आपली सपात काढून ठेवली आणि मफलर तिच्यावरून सरकवला. मग सपात तिथेच सोडून, एका पायावर लंगडी घालत, त्या कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेल्या. भिंतीला टेकून म्हणाल्या, "घर तिथे. मी इथे."

आणि मग कुंदाताईसुद्धा लंगडी घालत निघाल्या. खालच्या मजल्यावरची बाई शांत राहा म्हणून ओरडेपर्यंत दोघी हसत होत्या.

रविवारी शमिका त्यांना बर्फाच्या रिंकवर घेऊन गेली. पोरं आधाराला ढकलतात तसले प्लास्टिकचे पेंग्विन दोघींनी घेतले. दहा पावलांत कुंदाताई पेंग्विनसकट आडव्या झाल्या. ग्लात्सरबाईंनी मात्र पेंग्विन सोडला. पाठ सरळ केली. हात पसरले. बर्फावर एक लांब, स्वच्छ वळण उमटलं.

"ग्लात्सकर, सांभाळून!" कुंदाताई खालूनच किंचाळल्या.

त्यांना उठवायला धावलेला रिंकवरचा माणूस तोंड वासून बघत राहिला. "आजी, कुठे शिकलात हो?"

ग्लात्सरबाई अजून एक फेरी मारून आल्या. गाल लाल झालेले. अख्ख्या रिंकला ऐकू जाईल असं ओरडल्या, "ग्लात्समध्ये! पाणचक्कीच्या तळ्यावर!"

"गेनाऊ!" बर्फावर बसल्या बसल्या कुंदाताईंनी टाळीसाठी हात वर केला.