ताईच्या छतातून गळलेला पेंढा

दारावर लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची मी कायम टिंगल करत आलोय. वीजबिलसुद्धा मीटर स्वतः वाचल्याशिवाय न भरणारा माणूस मी. तरीही हे लिहितोय.

शहापुरात महामार्गापासून आत एक तीन मजली इमारत आहे. सगळ्यात वर माझी मोठी बहीण, शालिनीताई, भाड्याने राहते. एकटीच असते, शिवणकाम करते. डोक्यावर थेट गच्ची, उन्हाळ्यात घराची भट्टी. मालकाने त्याचं कधी काही केलं नाही. म्हणून ताई दर उन्हाळ्यात आमच्या धसईच्या शेतातला भाताचा पेंढा गच्चीवर अंथरायची आणि दुपारी त्यावर पाणी मारायची. मी थर्मामीटर लावून पाहिलं होतं — चांगला पाच अंशांचा फरक पडायचा.

मग मालकाला एक एजंट भेटला. गच्चीवर उष्णता अडवणारा थर, त्यावर पांढरा रंग, कडेला सोलर. "शेठ, आता हा जुना माल नाय, ग्रीन प्रॉपर्टी झाली. दीडपट रेट आणतो!" ताईचा पेंढा खरवडून गटारात फेकला. गच्चीला कुलूप लागलं, किल्ली मालकाकडे. आणि ताईला निरोप — फ्लॅट विकायचाय, महिन्याभरात खाली करा.

आजूबाजूची भाडी तिच्या आवाक्यात नव्हती. मी म्हटलं, धसईला चल.

"तिथं ब्लाउज कुणाचे शिवू रे बाळ्या? म्हशींचे?"

पहिलं गिऱ्हाईक भर दुपारी आलं, नवरा-बायको. मी हजर होतो. घर खरंच थंड होतं, खोटं का बोलू?

"बघा साहेब, एसी कशाला पायजे?" एजंट छताकडे हात करून म्हणाला.

त्याच क्षणी साहेबांच्या कॉलरवर थेंब पडला. तपकिरी, चिकट. मग धारच लागली... तिच्यात पेंढ्याच्या काड्या. वास असा की डबक्यात महिनाभर कुजलेलं काहीतरी. बाई तोंडाला पदर लावून पळाली आणि जिन्यातच ओकली.

"वर पाणी कोणी ओतलं?" ओरडत मालकाने कुलूप उघडलं. मीही मागोमाग गेलो. गच्ची कोरडी ठणठणीत. पांढऱ्या रंगावरच्या धुळीत फक्त आम्हा दोघांची पावलं. पाण्याची टाकी पार दुसऱ्या टोकाला. खाली आलो तर छतावर डागही नाही. घाण मात्र फरशीवर पसरलेली.

मालकाने वॉटरप्रूफिंग करून घेतलं. पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी मालकासोबत वर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह मी स्वतः बंद केला. तरी तेच. एरवी थेंब नाही... गिऱ्हाईक आलं की धार!

पण खरी शिसारी मला एजंटची आली. ताई फरशी पुसत होती, आणि हा तिच्यासमोरच मालकाला म्हणतोय, "शेठ, टेन्शन नको. पुढच्या टायमाला रूम फ्रेशनर मारू. टोकन हातात पडेपर्यंत निभावलं की झालं. मग गळो नायतर पडो." मग ताईकडे वळून, "मावशी, काय टाकता वर, सांगा ना. तुमचंपण कमिशन काढू."

"तुझ्या डोक्यावर टाकलं असतं," ताई म्हणाली, "पण ते रिकामं. वाजेल उगाच."

चौथं गिऱ्हाईक पळाल्यावर मालक म्हणाला, "राहा तुमी. जुन्याच भाड्यात." दया नव्हती ती. विकलं जात नव्हतं, एवढंच. इतके उन्हाळे हेच घर ताईने स्वतःच्या कष्टाने थंड ठेवलं, तेव्हा त्या थंडाव्याला कुणी भाव दिला नव्हता.

गेल्या महिन्यात मी सरळ विचारलं, "ताई, खरं सांग. तू काही करतेस?"

तिने मशीन थांबवलं नाही. "मी काय करणार रे? कुलूप हाय ना. पण सवय जात नाय. दुपारी बादली भरून गच्चीच्या दाराशी ठेवते... संध्याकाळी रिकामी असते."

बादली गळत असणार, हे उघड होतं. मी ती घरी नेली, पाऊण भरली, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेवरच होतं.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. बादली मात्र दुपारच्या आत परत नेऊन दिली.