चिझुरूचा वाकडा अंगठा

मिनेगिशी चिझुरू कॉलेज संपवून तोक्योतल्या एका लहानशा ॲनिमेशन स्टुडिओत लागली, तेव्हा तिच्या वाट्याला काम आलं ते गाडी चालवण्याचं. चित्रकारांच्या घरोघर जायचं आणि चित्रांचे लिफाफे गोळा करून आणायचे. तिथले पुष्कळ निर्माते याच वाटेनं वर चढतात. सुरुवातीलाच तिनं चित्रकार कुरुसु-सानांची चित्रं पाहून "किती छान!" म्हटलं आणि त्यांनी लिफाफा परत ओढून घेतला. कौतुक ऐकलं की त्यांना चुका दिसू लागत. तेव्हापासून लिफाफा गाडीत पडेपर्यंत चिझुरू गप्प राहू लागली.

आता ती स्वतः निर्माती होती, केस पिकले होते. पण मालिकेच्या शेवटच्या भागातला एक प्रसंग कुरुसु-सानांपाशी अडकला, तेव्हा ती स्वतःच गाडी घेऊन निघाली. संध्याकाळपर्यंत चित्रं रंगवायला गेली नाहीत, तर त्या प्रसंगाला टीव्हीवर एकच चित्र ढिम्म उभं राहणार होतं.

"आलात वसुलीला, निर्मातीबाई?" कुरुसु-सान दारातच म्हणाले.

"वसुली कसली? आईनं नागानोहून सफरचंदं पाठवलीत, ती द्यायला आले."

"सफरचंदाचं नाव काढू नकोस. आजी नातीला सफरचंद सोलून देते, एवढाच तर प्रसंग. पण हात खोटा वाटतो. बायको गेल्यापासून मी सालीसकटच खातो."

"धुता तरी का?"

"तू चित्रं न्यायला आलीस की सासुरवास करायला?"

चिझुरू हसली, सुरी घेऊन सफरचंद सोलायला बसली. सुरी जागची हलत नव्हती. फिरत होतं ते फळ. सालीची लांब पट्टी मांडीवर उतरत गेली.

"थांब!" कुरुसु-सान पुढे वाकले. "मी सुरीच फिरवत बसलो होतो! फळ तर अंगठा ढकलतोय."

शाळेत चेंडू लागून वाकडा झालेला तिचा अंगठा. ते टेबलाशी चित्र काढायला बसले. ती सोलत राहिली. पिशवी रिकामी झाली, सोललेली सफरचंदं तांबूस पडली, तरी दोघांपैकी कुणी खाल्लं नाही. ऊन उतरायच्या आत लिफाफा तिच्या हातात आला.

गाडी सुरू करून तिनं काच खाली केली. "किती छान झालंय!"

"आण इकडे!" म्हणत ते धावले, तोवर ती कोपऱ्यावर पोचली होती.

तो भाग लागला, तेव्हा आईचा फोन आला. "चिझुरू, त्या म्हातारीचा अंगठा तुझा आहे की गं!"

इतक्या मालिकांच्या शेवटी चिझुरूचं नाव झळकलं होतं. चित्रात मात्र ती पहिल्यांदाच आली होती.

"माझाच," ती म्हणाली.

"आणि सफरचंदं? खाल्लीस, की सगळी तिकडेच सोलून आलीस?"

"सोलून आले."

"वाटलंच. आणखी पाठवते."