मुंबईच्या कलाकारांनी रंगवलेला रस्ता

भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना रस्त्याला लागूनच एक सिनेमा पार्क आहे. तिथे मी सात वर्षं लोकांना फिरवून माहिती सांगायचं काम केलं. त्या सात वर्षांत एक वाक्य मी दिवसातून चार-पाच वेळा म्हणत आले: "हा रस्ता खास मुंबईहून आलेल्या कलाकारांनी रंगवला आहे." भिंतीवरचा तो रस्ता माझ्या वडिलांनी रंगवला होता. हे मला माहीत होतं, मॅनेजरला माहीत होतं आणि आसगावच्या बाजूला असलेल्या आमच्या गावात तर शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त तिकीट काढून आत येणाऱ्याला.

पार्कचा इतिहास म्हणून जो फलक दारात लावला आहे, त्यात मालकांच्या स्वप्नाबद्दल बरंच काही लिहिलेलं आहे. खरी गोष्ट अशी की तिथे लग्नाचं लॉन होतं. मालकांनी धानाच्या चार बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यांना पाणी देणारी एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, अशी जागा विकत घेतली आणि तिथे लॉन केलं. एका लग्नात मुलीकडच्यांना सिनेमातल्यासारखं महालाचं दार हवं होतं. ते बांधलं. लग्न झाल्यावर ते पाडायला मजूर लावायचा कंटाळा केला, म्हणून ते तसंच राहिलं. मग लग्न नसतानाही जोडपी त्याच्यापुढे फोटो काढायला येऊ लागली, तेव्हा कुठे मालकांच्या डोक्यात प्रकाश पडला.

पुढचं सगळं त्या दाराच्या मागे वाढत गेलं. काश्मीरचं सरोवर म्हणून जे दाखवतात ती तीच बोडी. तिच्यात अजून शिंगाडे होतात आणि हंगामात आमचे माळी ते काढून खातात. रेल्वेचा डबा ही भंगारात गेलेली बस आहे, तिची चाकं विटांच्या फलाटामागे लपवली आहेत. महालाचे खांब म्हणजे उभे केलेले नालीचे सिमेंट पाइप. बर्फ थर्माकोलचा, आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं म्हणून त्याला दर श्रावणात चुना मारावा लागतो. यातलं काहीही मी लोकांना सांगत नसे. लोक हौसेने फसायला येतात, त्यांची हौस मोडण्याचा पगार मला मिळत नव्हता.

रस्त्याची गोष्ट जरा वेगळी आहे. दोन्ही बाजूंना तीन-तीन दुकानांचे दर्शनी भाग प्लायवूडचे उभे केले आहेत: न्हाव्याचं, पानाचं, घड्याळजीचं वगैरे. ती दुकानं संपली की आडवी भिंत आहे, आणि तो रस्ता त्या भिंतीवर रंगात पुढे चालू राहतो. दुकानं, गॅलऱ्या, दिव्याचे खांब, टोकाला थिएटर. लहान मुलं पळत सुटतात आणि भिंतीला धडकतात. गंभीर लागल्याचं मला आठवत नाही.

वडील झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे पडदे रंगवायचे. धान निघालं की रिकाम्या बांधीत मंडप उभा राहतो आणि लोक सतरंजी नाही तर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, टाकून जमिनीवर बसतात. पुढे उंच रंगमंच. वडील पडदा रंगवत ते त्या खाली बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीचा हिशोब धरून. दिवे रंगमंचाच्या पुढच्या काठावर, पायाशी लावलेले, म्हणून त्यांच्या पडद्यावरच्या सावल्याही खालून वर पडत. चाळीस वर्षं त्यांचा हात असाच चालला होता. बाकीच्या दिवसांत दुकानांच्या पाट्या रंगवायचे, तो धंदा फ्लेक्सने खाल्ला. त्यामुळे पार्कची भिंत मिळाली तेव्हा त्यांनी ती तीन महिने जीव ओतून रंगवली, आणि रंगवली ती नाटकाच्या पडद्यासारखीच.

काम पुरं झाल्यावर मालक नागपूरच्या एका इंजिनिअरला घेऊन पाहायला आले. भर दुपार होती. खिडक्यांच्या सावल्या उलट्या, आणि उभं राहून पाहिलं की अख्खा रस्ता पुढे घसरत खड्ड्यात चालल्यासारखा दिसायचा. इंजिनिअरने नाक मुरडलं. मालक म्हणाले, "अहो, हे काय करून ठेवलं तुम्ही?" वडिलांना आपलं काय चुकलं ते कळेना. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही उभे काहून आहा? खाली बसून पाहा ना." मालक पांढऱ्या कपड्यांत मातीत बसले. बसल्यावर रस्ता सरळ झाला, लांबच लांब गेला. मालक बराच वेळ उठले नाहीत म्हणतात. त्या जागेवर मग लाल गोल आखला गेला, आणि तिथे बसून पाहणं ही पार्कची मोठी करामत ठरली. मला जे पाठ करायला दिलं होतं त्यात हिला मुंबईचं कॅमेरा तंत्र म्हटलं होतं.

वर्षभराने मी तिथे नोकरीला लागले. बी.ए. होऊन घरीच होते. वडिलांनी मालकांना विचारलं, मालक हो म्हणाले, एवढंच मला ठाऊक होतं. मुंबईच्या कलाकारांचं वाक्य पहिल्या दिवशी वाचलं तेव्हा मी घरी येऊन वडिलांना ते सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "मोठ्या गावचं नाव असलं का लोक तिकीट काढतेत. तू म्हणत जा." मी म्हणत गेले. आधी जड गेलं, मग तोंडात बसलं. सवय झाली की माणूस काहीही म्हणतो, हे मी स्वतःवरूनच सांगते.

ते स्वतः मात्र कधी पार्कात आले नाहीत. पडदा एकदा टांगला की रंगवणाऱ्याने त्याच्याकडे वळून पाहू नये, असं त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं म्हणे. मला ती सबब वाटायची.

यंदा दिवाळीनंतर मालकांच्या मुलाने कारभार हाती घेतला आणि भिंतीवर मोठा एलईडी पडदा लावायचं ठरवलं. त्यावर रस्ते दर मिनिटाला बदलणार होते. मी हे घरी जेवताना सांगितलं. वडिलांनी ताटातली मिरची बाजूला काढली.

"कधी लावतेत?"

"पुढच्या सोमवारी."

"मंग एकदा पाहून घेतो," ते म्हणाले.

मी पास आणते म्हटलं तर नको म्हणाले. शुक्रवारी सकाळी स्वतः रांगेत उभं राहून तिकीट काढलं आणि आत आले. अंगावर इस्त्रीचा सदरा होता. नेमकी त्याच वेळी जवाहरनगरहून फॅक्टरीतल्या निवृत्त लोकांची सहल आली होती, तीसेक माणसं. वडिलांना त्यांच्यातच जोडून दिलं. मोठा ग्रुप म्हणून मॅनेजर सोबत चालत होता. महाल झाला, सरोवर झालं, रेल्वे झाली. वडील सगळ्यांच्या मागे, हात पाठीशी बांधून. खांबांपाशी त्यांनी एका पाइपला हळूच टिचकी मारून पाहिली, तेवढंच.

रस्त्यावर आल्यावर मी लोकांना लाल गोलात बसायला सांगणार, तोच वडील पुढे येऊन बसले. त्यांचा गुडघा दुखतो, पण ते एका झटक्यात बसले. त्यांचं पाहून बाकीचेही कण्हत-कुंथत बसले, आणि मग सगळ्यांच्या तोंडून तो आवाज आला जो मी रोज ऐकायचे. वडील भिंतीकडे पाहत होते. पापणी लवली नाही त्यांची.

सहलीतले एक गृहस्थ चौकस होते. मी पाठ म्हणण्याआधीच त्यांनी विचारलं, "मॅडम, हे रंगवलं कोणी?"

मॅनेजर माझ्यापासून दोन हातांवर होता. वडील सहा हातांवर. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सात वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य मला आठवून म्हणावं लागलं. "खास मुंबईहून आलेल्या कलाकारांनी," मी म्हणाले.

"कारागीर चांगले होते," गृहस्थ म्हणाले.

"हाव," वडील म्हणाले, "चांगले होते."

मी सहलीला पुढच्या देखाव्यांकडे घेऊन गेले. वडील तिथेच बसून राहिले आणि कधी बाहेर पडले ते मला दिसलं नाही. मला माझी लाज वाटली, हे सरळच लिहिते. नोकरी जाण्याच्या भीतीने माणूस बापाला त्याच्या तोंडावर नाकारू शकतो, आणि त्यानंतर पाच मिनिटांनी थर्माकोलच्या बर्फाची माहितीही सांगू शकतो.

संध्याकाळी मी म्हणाले, "बाबा, माझं चुकलं."

"काय चुकलं? तेच तं ठरलं होतं."

"कोणाशी?"

मग त्यांनी सांगितलं, जसं बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं. माझ्या नोकरीचं विचारायला ते गेले तेव्हा मालक म्हणाले होते, पोरीला लावतो, पण रस्ता कोणी रंगवला ते तुम्ही कुठे बोलायचं नाही. गावातलाच पडदेवाला म्हटलं तर लोक म्हणतील, हे आपण नाटकात फुकट पाहतो. वडिलांनी शब्द दिला. उस्तादांची शिकवण वगैरे नंतर जोडलेलं होतं.

"मले काही वाटलं नाही," ते म्हणाले. "पडद्यावर कोणी नाव लिहिते का?"

मला वाटलं. रात्रभर नाही, पण सकाळी पार्कच्या दारातून आत जाताना वाटलं. माझ्या सात वर्षांच्या पगाराखाली त्यांचं नाव गाडलेलं होतं आणि ते मीच रोज चार-पाच वेळा दाबून बसवत होते. शनिवारी पहिला ग्रुप बारा जणांचा होता, तुमसरकडची दोन कुटुंबं. मी त्यांना खाली बसवलं आणि म्हणाले, "हा रस्ता माझ्या वडिलांनी रंगवला आहे. ते इथलेच आहेत. नाटकाचे पडदे रंगवायचे, म्हणून हा बसूनच नीट दिसतो."

एक बाई मोबाइलमध्ये पाहत होती. एका माणसाने बाथरूम कुठे आहे ते विचारलं. मी दाखवलं. मॅनेजरने मागून सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता हा ओरडणार. तो म्हणाला, "सोमवारी भिंत झाकूनच जाऊन राहिली मॅडम, म्हणा काय म्हणायचं ते."

घरी येऊन मी हे मोठ्या तोंडाने सांगितलं. वडील खूश होतील अशी माझी खात्री होती. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"काहून सांगतलं तू?"

"खरं आहे म्हणून."

"शब्द मी देल्ला होता. तू काहून मोडला?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण तसा आवाज मी लहानपणी एकदाच ऐकला होता. "सात वर्षं संभाळला. दोन दिवस राहिले होते."

मी ते त्यांच्यासाठी सांगितलंच नव्हतं. शुक्रवारची लाज अंगावरून उतरावी म्हणून सांगितलं होतं, आणि त्यासाठी त्यांची एवढ्या वर्षांची कमाई खर्चून आले होते. मग त्यांनी विचारलं, "लोक काय म्हणले?"

"काही नाही. एकाने बाथरूम विचारलं."

"आनखी?"

"आणखी काहीच नाही. कोणाचं लक्षही नव्हतं."

वडिलांचा चेहरा सैल झाला. त्यांनी ताट पुन्हा जवळ ओढलं.

"मंग कोणी आयकलंच नाही," ते म्हणाले. "शब्द राहिला."

आणि ते जेवू लागले. त्यांचा जीव खरोखरच भांड्यात पडला होता, भात दोनदा मागून घेतला त्यांनी. मी वाढत होते. त्या बारा जणांपैकी एकाने तरी मान वर करून, कोण तुमचे वडील, असं विचारायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.