शास्त्र जिथं गप्प होतं

माझे बाबा सोलापुरात पाळक होते. दुष्काळ ओसरल्यानंतरच्या वर्षी ते निवृत्त झाले, पण दर बुधवारी संध्याकाळी चर्चमागच्या खोलीत त्यांचा शास्त्राभ्यासाचा, म्हणजे बायबलचा वर्ग चालूच राहिला. तालुक्यातून आलेले चार तरुण प्रचारक, एकदोन शिक्षक आणि मागच्या बाकावर मी. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची.

बाबा ज्या सुधारित ख्रिस्ती परंपरेत शिकले होते, तिथं ईश्वरविज्ञान या शब्दातलं 'विज्ञान' फार मनावर घेतलं जाई. ते म्हणत, "वैज्ञानिक काय करतो? आधी निरीक्षणं गोळा करतो. एकही टाळत नाही, पदरचं काही घालत नाही. मग नियम मांडतो. आपली निरीक्षणं म्हणजे वचनं. एका विषयावरची सगळी वचनं शेजारी शेजारी मांडा, मगच सिद्धांत बोला. आणि वचन जिथं गप्प, तिथं आपणही गप्प."

हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. मला वाटे, दमले असतील.

त्या वर्षी आमच्या शाळेत नवा मायक्रोस्कोप आला. बाबांना भारी कौतुक. एका दुपारी, गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर, ते छत्री घेऊन बघायला आले. टेबलावर मुलींनी काढलेल्या कांद्याच्या पापुद्र्याच्या आकृत्या पडल्या होत्या. निम्म्या आकृत्यांत काळ्या, वाकड्या रेषा होत्या.

"या रेषा कसल्या?" बाबांनी विचारलं.

मी हसले. "पापणीचे केस. नवख्या माणसाला भिंगातून स्वतःचीच पापणी दिसते. मुली ती कांद्यातली म्हणून काढतात."

"आणि त्यांना कळत नाही?"

"कसं कळणार? समोर दिसतंय म्हटल्यावर खरंच वाटतं. बाबा, नुसतं कोरं निरीक्षण असं काही नसतंच. बघणारा आपलं काहीतरी घेऊनच बघायला बसतो. म्हणून तर पुन्हा तपासायचं, दुसऱ्यालाही दाखवायचं."

बाबांनी डोळा लावला. बराच वेळ वाकून होते. मग छत्री उचलून घरी गेले.

त्यानंतर त्यांचं जेवण कमी झालं. अंगणातल्या खुर्चीत शास्त्र मांडीवर उघडं ठेवून बसत, पान मात्र उलटत नसत. एका रविवारी, उपासनेहून परतताना, रस्त्यातच ते थांबले.

"करकंबला एक बाई होती," ते म्हणाले.

तरुणपणी ते सायकलवरून गावं फिरायचे, तेव्हाची गोष्ट. करकंबची एक नवी सून एकटीच ख्रिस्ती विश्वासात आली होती. नवरा, सासर, कुणीच नाही. तिला मूल झालं. त्याचा बाप्तिस्मा व्हावा अशी तिची फार इच्छा, पण घरचे होऊ देईनात. मूल तापानं गेलं. ती तशीच चालत बाबांच्या मुक्कामावर आली आणि तिनं विचारलं, "पाळकसाहेब, माजं लेकरू आता कुटं हाय?"

"मी सगळी वचनं मनात मांडली," बाबा म्हणाले. "ज्या मुलांच्या अंगावर देवाशी झालेल्या कराराची खूण आहे, म्हणजे बाप्तिस्मा झालाय, त्यांच्याविषयी मला आधार होता. या मुलासाठी सापडेना. मी सांगितलं, मला सांगता येत नाही, वचन याविषयी गप्प आहे. ती उठून गेली. आणि मला अभिमान वाटला. पदरचं काही घातलं नाही म्हणून."

मी त्यांना रस्त्याच्या कडेला घेतलं.

"तेव्हापासून ती येते. वर्गात 'वचन जिथं गप्प' म्हटलं की डोळ्यांपुढं येते. बोलत नाही. उत्तराची वाट बघत उभी राहते."

मग त्यांनी शास्त्रातल्या एका राजाची गोष्ट काढली. त्याचं तान्हं बाळ जातं. राजा उपास सोडून उठतो, आणि आपण एक दिवस बाळाकडे जाणार, असा त्याचा भरवसा असतो. ही गोष्ट बाबा नेहमी दुःखातल्या सबुरीचा धडा म्हणून शिकवत.

"परवा नव्यानं वाचली. बाळ सातव्या दिवशी गेलं. त्या काळी कराराची खूण म्हणजे सुंता, ती आठव्या दिवशी व्हायची. खूण त्याच्या अंगावर नव्हती."

माझ्यातली शिक्षिका बोललीच. "पण तो सातवा दिवस जन्मापासूनचा की आजारापासूनचा?"

"तिथं स्पष्ट नाही. पण राजाला ती खूण आठवतसुद्धा नाही. तो प्रश्न माझा होता, शास्त्राचा नव्हता. मी माझी पापणी बघत होतो."

ती बाई अजून करकंबलाच आहे, असं तिकडच्या प्रचारकांकडून कळलं. पुढच्या सुट्टीत आम्ही एस.टी.नं निघालो, मोडनिंबला गाडी बदलून करकंबला पोचलो. बाजाराच्या कडेला एका खोलीत ती एकटी राहत होती. नवरा वारला होता. केस पिकले होते. तिनं बाबांना लगेच ओळखलं.

"या की पाळकसाहेब."

तिनं घोंगडं अंथरलं. खोली एवढीशी. तिच्या मांडीला लागून एक लहान गोधडी पसरलेली होती. आम्हाला बसायला जागा पुरेना, तरी तिनं ती काढली नाही.

बाबांनी सगळं सांगितलं. राजाचं बाळ, खूण, स्वतःची चूक. "बाई, तुझं लेकरू देवाजवळ आहे. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

ती शांतपणे ऐकत होती. हात गोधडीवर हलकेच थोपटत होता.

"लई उशीर केला की," ती म्हणाली. "तवा तुमी म्हनला, ठाव न्हाय. मंग मी म्हनलं, कुटंच ठाव न्हाय तर ऱ्हाऊ दे माज्यापाशी. तवाधरनं हितंच हाय. आता कुटं नेता त्याला?"

बाबांनी त्या गोधडीकडे बघितलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "नेत नाही, बाई."

"हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय."

निघताना दाराकडे जायची वाट त्या गोधडीवरूनच होती. बाबा भिंतीला अंग घासत कडेनं गेले. त्यांच्या मागून मीही तशीच गेले.

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर उसाचे फड मागे पडत होते. बाबांनी विचारलं, "तुला काय दिसलं?"

"रिकामी गोधडी."

"मलाही. मग आपण वळसा का घातला?"



वर्ग पुन्हा सुरू झाला. बाबांची शिकवण्याची रीत बदलली. वचनं मांडायच्या आधी ते प्रत्येकाला विचारत, "यातून काय निघावं असं तुला वाटतंय? ते आधी सांग." एका प्रचारकानं तान्ह्या मुलांविषयी विचारलं, तेव्हा त्यांनी आधार कुठला आणि स्वतःची आशा कुठली, हे वेगवेगळं करून सांगितलं. त्या तरुणाचं समाधान झालं. बाबांचं झालेलं मला दिसलं नाही.

करकंबला ते पुन्हा गेले नाहीत. तिकडच्या प्रचारकांकडे निरोप देत. तिचा निरोप येई, बरं हाय, दोघंबी. पुढं एका पावसाळ्यात ती गेली. सासरच्यांनी त्यांच्या रिवाजाप्रमाणे सगळं उरकलं होतं, आम्हाला पुष्कळ दिवसांनी कळलं. बातमी घेऊन आलेल्या प्रचारकाला बाबांनी बसवून चहा दिला. मग विचारलं, "आणि ती लहान गोधडी?"

त्याला कसली गोधडी ते कळेना. तो माझ्याकडे बघू लागला. मी कप उचलून आत गेले.