मानोऱ्याकडची तुझी झाडं

हे मी तुम्हा दोघा नातवंडांसाठी लिहिते आहे, पण राग आहे तो थोरलीवर. म्हणून इथून पुढे ‘तू’ म्हणजे थोरली. धाकट्यानं नुसतं वाचावं आणि शब्द अडला तर बहिणीला विचारावं. त्या निमित्तानं तरी तो मराठी वाचेल.

या हिवाळ्यात तू येणार नाहीस, हे तू फोनवर सांगितलंस. सुट्टी नसेल, परीक्षा असेल, असं धरून मी समजुतीची वाक्यं तयार ठेवली होती. तू म्हणालीस, “आजी, विमानातून कार्बन डायऑक्साइड फार बाहेर पडतो. लहानपणापासून आम्ही दर दोन वर्षांनी येत होतो. त्यानं जे नुकसान झालं, ते आधी भरून निघू दे. मग येते.”

समजुतीची सगळी वाक्यं वाया गेली. आजारपण असतं तर काढा सांगितला असता.

मी अमरावतीच्या कॉलेजात इंग्रजीतून शिकले, त्यामुळे तू पाठवलेले लेख मला समजले. समजले म्हणून जास्त चिडले. दरवर्षी सगळे देश कुठल्यातरी मोठ्या शहरात जमतात. सगळे विमानानंच येतात. एका एका शब्दावरून रात्र रात्र भांडतात, धूर कमी करायचं एक लांबचं वर्ष ठरवतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा जमतात, का झालं नाही ते बघायला. आमच्या गल्लीतल्या नालीचं अगदी असंच चाललं आहे. फरक इतकाच, की नालीच्या बैठकीला माणसं पायी येतात. आणि इतक्या मोठ्या जगात हे सगळं खरं मानून वागणारं माणूस कोण, तर माझी नात. ज्यांनी मानायला हवं ते मानत नाहीत आणि माझ्या दारात येणारं विमान तेवढं थांबतं.

मग तूच वाट काढलीस. तिकडची एक कंपनी आपल्या नावानं झाडं लावते, झाडं तो वायू शोषून घेतात आणि केलेल्या प्रवासाची भरपाई होते. तू मला नकाशा पाठवलास, त्यावर एक हिरवा ठिपका आणि खाली लिहिलेलं, ‘कडुनिंब, गेल्या पावसाळ्यात लावलेले’. बोटांनी मोठा करून बघितला तर मानोरा! जगाच्या पाठीवर कुठेही लागली असती ती झाडं, ती लागली माझ्याच जिल्ह्यात. तू तर आनंदानं ओरडलीस. “आजी, तूच बघून ये. झाडं नीट असतील तर मी लगेच तिकीट काढते. फोटो पाठव.”

म्हणजे माझ्या घरी तू येणार की नाही, हे आता मानोऱ्याकडच्या झाडांवर ठरणार होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी मी निघाले. पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी, चार्ज केलेला फोन आणि नकाशाची छापील प्रत, कारण तिकडे रेंजचा भरवसा नाही. गाडी आपल्या ओळखीच्या शिरपूरच्या ड्रायव्हरची. तो एरवी जैन मंदिराच्या यात्रेकरूंना ने-आण करतो आणि माझ्याशी भांडल्याशिवाय त्याला गाडी चालवता येत नाही.

“काकू, झाड पाह्यले चालल्या? पेट्रोल जाळून?”

“नातीनं लावलंय.”

“नात तं जर्मनीत हाय ना?”

“तिथूनच लावलंय.”

त्यानं एक वळण घेतलं. मग म्हणाला, “मोबाइलवरून लावता येते काय? मंग माह्या वावराच्या धुऱ्यावर बी लावाले सांगा तिले. मले खड्डे खंदाचा लय कंटाळा येते.”

वाटेत एका वावरात कोणीतरी काडीकचरा पेटवून दिला होता. धुराचा लोट रस्त्यावर आला, काचा वर कराव्या लागल्या. मी म्हटलं, हे असं जाळायचं कशाला, कुजवलं तर खत होतं. तो म्हणाला, “एका वावराच्या धुरानं काय होते काकू? तिकडं मोठे मोठे कारखाने चालून राह्यले. त्यायले सांगा.”

“प्रत्येकानं असंच म्हटलं तर कसं व्हायचं?”

“तुमी मास्तरीण पाह्यजे होत्या,” तो म्हणाला आणि गाणी लावली.

मानोऱ्याच्या अलीकडे एक कच्चा रस्ता आत वळतो. शेवटाला तांडा, तांड्याच्या मागं ई-क्लासची जमीन, म्हणजे सरकारी चराऊ रान. तिथं एक पाटी होती, उन्हानं फिकी पडलेली. पाटीच्या मागं ओळीनं खड्डे. ओळी इतक्या सरळ होत्या की क्षणभर मला बरं वाटलं. सरळ ओळ दिसली की मला नेहमीच बरं वाटतं. मग मी खड्ड्यांत बघायला लागले. एकात वाळकी काडी. एकात नुसती काळी प्लॅस्टिकची पिशवी, रोपवाटिकेतून आली तशीच, फाडलीसुद्धा नव्हती. बाकीच्यांत लेंड्या. दोन-तीन करंज तेवढे हिरवे होते, कारण करंजाला शेळी तोंड लावत नाही. तुझा तर कडुनिंब होता.

तांड्यावर घराघराला कुलूप. एका बाभळीच्या सावलीत माझ्याच वयाची एक बाई बकऱ्या राखत बसली होती. ड्रायव्हरनं तिला “याडी” अशी हाक मारली. तांड्यावर आईला याडी म्हणतात.

“कोनाले पाहून राह्यले?” तिनं विचारलं.

“झाडं बघायला आलोय.”

ती तोंडावर पदर धरून हसली. “झाडं पाह्यचे होते तं पावसाळ्यात याचं. लय हिरवेगार होते. फोटोवाले बी तवाच आले.”

“पाणी कोण घालत होतं?”

“कोन घालन? दिवाळी झाली न सारा तांडा ऊस तोडाले गेला. पोरगा गेला, सून गेली, नातवंडं बी गेले. मी न ह्या बकऱ्या. खालून हंडा आनते तो मले पुरत नाही, तुह्या झाडाले कुठून देऊ?”

“पण दिवाळीनंतर इथे कोणी नसतं, हे त्या लोकांना सांगितलं नाही का?”

“त्यायनं इचारलंच नाही. पावसाळ्यात आले, आमच्या मानसायले खड्डे खंदाले लावलं, झाडं राखा म्हने. तवा मानसं होते ना.”

मला इतकी चीड आली की उन्हाचं भान राहिलं नाही. कोणी चोरी केली नव्हती. रोपं आणली होती, लावली होती, मजुरीही दिली होती. फक्त तांडा वर्षातले कितीतरी महिने रिकामा असतो, हे या जिल्ह्यातल्या कोणत्याही माणसाला ठाऊक असलेलं एवढंसं त्यांना कळलं नाही, आणि कोणाला विचारावंसंही वाटलं नाही. मी त्या बाईवरच घसरले. म्हटलं, निदान बकऱ्या तरी आवरायच्या.

“बकरीले काय मालूम हे झाड कोनाचं हाय? हे रान तं तिचंच व्हतं.” मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. “तुले काहून एवढा राग येऊन राह्यला? तुहं काय गेलं?”

मी सांगितलं. नात परदेशात असते. झाडं जगली तर येणार आहे.

तिनं एकदा खड्ड्यांकडं बघितलं. “मंग तं नाही येत ते.” असं म्हणून एका बकरीला खडा मारला. “माह्ये येतीन पाडव्याले. ट्रकात बसून.”

परत गाडीकडे येताना वाटेत एक मोठा कडुनिंब लागला. मी सावलीला थांबले. ड्रायव्हरनं माझ्या हातातून फोन घेतला.

“काकू, हे पाहा ना किती मस्त निंब हाय. उभ्या राहा बुडाशी. तिले काय समजन?”

“इतका मोठा? लावून वर्ष झालं नाही.”

“मंग फांदीच घेतो, बारकी. पानं तं निंबाचेच राह्यतीन ना? पोरगी घरी येऊ द्या, मंग बसा भांडत.”

मी पदर सारखा केला. हे लिहायलाच हवं: सारखा केला आणि उभी राहिले. तो “थोडं हसा” म्हणाला तेव्हा मला तुझा चेहरा दिसला. तू माझं खरं मानून लगेच तिकीट काढत बसली असतीस. मी फोन मागून घेतला, पुन्हा त्या रानात गेले आणि खड्ड्यांचे फोटो काढले. पिशवीचाही काढला. सगळे तुला पाठवले आणि खाली सगळं काही इंग्रजीत, क्रमवार लिहिलं, म्हणजे तुला ते कंपनीला तसंच धाडता येईल.

खरं सांगितल्याचं मला काय मिळालं ते बघ. कंपनीनं तुला उत्तर दिलं की काही झाडं मरणार हे त्यांच्या हिशेबात आधीच धरलेलं असतं, आणि तुझी झाडं आता दुसऱ्याच एका देशात लागली आहेत. मी म्हटलं, “चला, झालं तर मग! ये.” आणि तू म्हणालीस, “नाही आजी. आता माझा यातल्या कशावरच विश्वास नाही. मी विमानात बसणारच नाही.”

खोटा फोटो पाठवला असता तर तू येत्या दिवाळीला इथे असतीस.

माझा तोल गेला. “तू नाही बसलीस तरी ते विमान येणारच आहे! तुझ्या एकटीनं काय होतं?” बोलले आणि थांबले. हे वाक्य मी गाडीत ऐकलं होतं आणि ते म्हणणाऱ्याला झापलंही होतं. तू हळूच म्हणालीस, “प्रत्येकानं असंच म्हटलं तर?” आता तुला हे शिकवलं कोणी? तुझ्या आईला मीच शिकवलं असणार.

मला पटावं म्हणून तू पुढच्या रविवारी फोनवर मला एक चाचणी सोडवायला लावलीस, माणसामागं किती वायू जातो ते सांगणारी. घर गरम करायला तेल वापरता की गॅस? इथे पंखा पाचावर होता. गाड्या किती? एकही नाही. विमानात वर्षाला किती तास? वर्षाला सोड, आयुष्यात नाही. एकदा तुमच्याकडे यायचं ठरलं तर तुझ्या आजोबांचं दुखणं निघालं, पुढे माझे डोळे, आणि मग राहूनच गेलं. निकाल आला तो तू दोनदा वाचून बघितलास, इतका कमी होता. मग म्हणालीस, “आजी, सगळे तुझ्यासारखे राहिले ना, तर प्रश्नच मिटेल.”

तुला ते कौतुक वाटलं असेल. मला वाटलं नाही. मी काही जगासाठी व्रत घेतलं नव्हतं. मला विमानात बसायचं होतं, ढग खालून बघायचे सोडून वरून बघायचे होते.

म्हणून मी म्हटलं, “मग माझ्या वाटचं तू घे.”

“म्हणजे?”

“मी जेवढी विमानात बसले नाही, तेवढं तुझ्या नावावर घाल. एकदाच ये आणि तीन महिने राहा.”

तू हसलीस. “आजी, असं नसतं चालत.”

“का नाही चालत? तुझ्या त्या कंपनीचं मेलेल्या झाडांवर चालतं. मी तर जिवंत आहे.”

तू हसायची थांबलीस. धाकटा मागून काहीतरी इंग्रजीत बोलला, ते मला नीट ऐकू आलं नाही. मग “विचार करून सांगते” म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्याला आता बरेच दिवस झाले. कर विचार, पण इकडे मी शांतपणे वाट बघत बसले आहे असं समजू नकोस.